पन्नास माणसं, पन्नास बायका नव्हे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दहाला ग्रुपवर मेसेज आला, रेड अलर्ट आहे, उद्या शाळा बंद. शाळा बंद म्हणजे चिनूची बालवाडीही बंद, पण गोव्यात कुंडईला आमची कंपनी चालूच. नवऱ्याची वेर्ण्याला फर्स्ट शिफ्ट, तो पहाटेच बाहेर पडतो, सासूबाई वाळपईला नणंदेकडे गेलेल्या, आणि जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर आलेली त्यामुळे रजा मागायची सोय नाही. मग साडेतीन वर्षांच्या पोरीला रेनकोट घातला, डबा-बाटली घेतली आणि फोंड्याला कदंबात, म्हणजे आमच्या सरकारी बसमध्ये, चढले.

ऑफिसात कोणी वाईट बोललं नाही हे आधी सांगते. चिनू जुन्या व्हाउचरच्या पाठकोऱ्या बाजूला माशांची चित्रं काढत बसली, मधूनमधून "आई, झालं तुझं?" एवढंच. जेवल्यावर पेंगायला लागली तेव्हा दोन खुर्च्या जोडून झोपवलं. खुर्च्या चाकांच्या, सरकतात, म्हणून मी एका खुर्चीच्या पायात माझा पाय अडकवून ठेवला आणि तासभर तसंच बसून लेजर जुळवलं. पाय बधिर झाला पण काढला नाही. संध्याकाळी सर म्हणाले, "आज ठीक आहे हं मॅडम, पण याची सवय नको."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाही. मला कुठे पोरीला खुर्च्यांवर झोपवायची हौस आहे? मला एक खोली हवीय, दार असलेली, आणि तिथे लक्ष ठेवायला एक बाई.

चिनू सहा महिन्यांची असताना मी परत कामाला लागले होते. अकरा वाजले की छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा, म्हणून त्या वर्षी मी एकही दिवस ओढणीशिवाय आले नाही. टॉयलेटमध्ये कमोडचं झाकण पाडून त्यावर बसून दूध काढायचे, बाहेरून कोणीतरी दार वाजवायचं. डबी फ्रिजमध्ये सोलकढीच्या बाटलीमागे लपवून ठेवायचे. लपवायचं काय होतं त्यात? पण लपवत होते खरी. दोन महिन्यांत दूध आटलं.

तेव्हा पाळणाघराचं विचारलं तर उत्तर मिळालं, आपल्याकडे बायका आहेतच किती, अकरा. मलाही ते पटलं, हे आता जास्त लागतं. कारण नंतर कायदा वाचला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, रजा १२ वरून २६ आठवडे झाली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच दुरुस्तीत पाळणाघरही आलं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. कर्मचारी, बायका नव्हे! आम्ही ६४ जण आहोत. घोळ होतो तो १९४८ च्या कारखाना कायद्यामुळे असेल, त्यात ३० पेक्षा जास्त बायका असतील तर अशी अट होती, तीच लोकांच्या डोक्यात बसलीय.

मला हा फरक फार मोठा वाटतो. बायका मोजल्या की मूल बायकांचं होतं, माणसं मोजली की मूल बापाचंही होतं. माझ्यासाठी फेमिनिझम म्हणजे हेच, बाकीच्या चर्चा मला फारशा येत नाहीत. एक मात्र कायद्यात खरंच चुकलंय, २६ आठवड्यांचा पगार बहुतेक ठिकाणी सगळा कंपनीच्याच खिशातून जातो, मग इंटरव्ह्यूला "लग्न झालंय का, पुढचं प्लॅनिंग काय" असं विचारतात. मला दोन ठिकाणी विचारलंय. हा भार सरकारने थोडा तरी उचलायला हवा.

लहानपणापासून हिरकणीची गोष्ट ऐकली, रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि ती तान्ह्या बाळासाठी अंधारात कडा उतरून गेली. गोष्टीत महाराज त्या जागी बुरूज बांधतात, म्हणजे तो रस्ता बंद करतात, आणि तिचा सत्कार करतात. आता एसटी स्टँडवरच्या खोलीला तिचंच नाव, हिरकणी कक्ष. २०२२ च्या डिसेंबरात आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरला अधिवेशनात आल्या तेव्हा किती कौतुक झालं! मला कौतुक नको, कडा उतरायचा नाहीये मला, दरवाजा उघडा हवा.

या महिन्यात अर्ज केला. मला वाटलं आम्ही अकराच सह्या करणार, पण स्टोअरमधले एक दादा स्वतःहून आले, त्यांची बायको फोंड्यात दुकानात असते, पोरगा आजारी पडला की दरवेळी खाडा तिचाच. त्यांनी सही केली आणि नावापुढे पोराचं वय लिहिलं. मग सगळेच लिहायला लागले. ३७ सह्या झाल्या, त्यातल्या २६ पुरुषांच्या. सगळ्यात लहान मूल सात महिन्यांचं, पॅकिंगमधल्या एका पोराचं.

अर्ज सोमवारी दिलाय. रेकॉर्ड रूमच्या बाजूची खोली मी जेवणाच्या सुट्टीत टेपने मापून आले, बारा बाय दहा, एक खिडकी आहे, वारा येतो.