बिनसाखरेचा चहा आणि घाटातला पाणीवाला

पडघ्याच्या पुढे टेम्पोतून चहाचं पातेलं उतरलं तेव्हा शिर्डीला पायी निघालेल्या आमच्या साईबाबांच्या पालखीतल्या दोघांनी बिनसाखरेचा मागितला. साखरेचा आजार दोघांनाही नाही. एकाच्या मुलाचं नोकरीचं अडलंय, दुसऱ्याने कारण सांगितलं नाही आणि असं कोणी विचारतही नाही. हा नियम कुठला, ते सगळ्यांना ठाऊक. ठाण्याच्या कौपीनेश्वर मंदिरात दासगणू महाराजांच्या कीर्तनाला दिवाणी कोर्टातला चोळकर हा गरीब उमेदवार बसला होता. परीक्षा पास झालो, नोकरी पक्की झाली, तर शिर्डीला खडीसाखर वाटीन, असं तो बोलला. नोकरी पक्की झाली, पण जायला पैसे नव्हते. मग साखर सोडली आणि पैसे साठवले. शिर्डीत बाबांनी त्यांचे भक्त बापूसाहेब जोग यांना सांगितलं, याला चहाचे पेले भरपूर साखर घालून पाज.

बाबांनी तेलाऐवजी पाण्यावर पणत्या पेटवल्या ती कथा याहून केवढी तरी मोठी. तरी रस्त्यात निघते ती चोळकराच्या चहाची. चमत्कार किती मोठा यावर कथा टिकत नाही. ऐकणाऱ्याला स्वतः काही करता आलं तरच ती टिकते. पाण्याची पणती कोणाच्याने पेटत नाही, साखर कोणालाही सोडता येते.

शहापूर गेलं, खर्डी गेली. टेम्पोवरच्या कर्ण्यातून मुलुंडपासून एकच भजन सिनेमाच्या चालीवर चालू होतं. अगदी डोकं उठलं होतं.

कसाऱ्याच्या घाटात मात्र चुकलंच. पहाटे तीनला काकड आरती करून निघायचं आणि साडेदहाच्या आत सावली धरायची, ही रीत. त्या दिवशी पालखीच्या गाडीचं चाक बसलं, दोन तास गेले आणि भर दुपारी दीडला आम्ही चढावर. अनवाणी चालणाऱ्यांनी अशा वेळी डांबर सोडून कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय टाकायचा, तो कमी तापतो. पण पट्टा वीतभर रुंद आणि बाजूने ट्रक. चढावर सगळा भार चवड्यावर येतो, म्हणून फोड टाचेला न येता चवड्याखाली येतो आणि पाऊल टेकवलं की फुटतो.

लालबागच्या एक मावशी तिथेच खाली बसल्या.

वळणावर एक माणूस स्कूटर लावून उभा होता. खांद्यावर पांढरा पंचा, पायाशी वीस लिटरचा कॅन. त्याने आधी त्यांना पाणी पाजलं, मग पायावर ओतलं. खिशातून सुई काढली, काडेपेटीच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत धरली आणि निवू दिली. फोडाच्या कडेला, तळव्याच्या बाहेरच्या अंगाला, दोन ठिकाणी टोचलं. पाणी दाबून काढलं, कातडं तसंच ठेवलं. काही जण सुईत दोरा ओवून तो आतच ठेवतात. तसं करू नये, दोऱ्यावरून धूळ आत जाते आणि रात्रीत पू धरतो. याने खोबरेल लावलं, पंच्याची पट्टी फाडून बांधली आणि म्हणाला, "आज उतारावर टाचेवर चाला." नाव कोणी विचारायच्या आत किक मारून गेला.

घोटीच्या मुक्कामाला ही हकिकत जशीच्या तशी सांगितली गेली. सिन्नरला स्कूटर गळली. वावीला पंच्याची बाबांसारखी कफनी झाली होती, आणि "वळून पाहिलं तर कोणी नाही" हेही जोडलं गेलं होतं. सांगणारा खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते.

साईसच्चरित लिहिणारे दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, 1910 मध्ये शिर्डीला गेले. त्यांनी डोळ्यांनी काय पाहिलं? बाबा जात्यावर गहू दळताहेत, बायका पुढे होऊन खुंटा धरताहेत, आणि पीठ वाटून घेऊ लागल्यावर बाबा रागावून ते शिवेवर टाकायला सांगताहेत. बाबांनी गहू नव्हे, महामारी दळली, हा अर्थ त्यांना गावकऱ्यांनी सांगितला. दाभोलकरांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं, दोन्ही लिहिलं, तेही ओवीत. ओवी पाठ होते, सप्ताहात मोठ्याने वाचता येते. दासगणूंनी कथा गावोगाव नेली, हेमाडपंतांनी तिला घर दिलं. यातलं एक जरी नसतं, तर शिर्डीची गोष्ट राहाता-कोपरगावापलीकडे कितपत पोचली असती?

शिर्डीत धूपारतीला रांग हललीच नाही. मागून ढकलाढकली, पुढच्यांच्या पिशव्या पाठीत. मग आरती सुरू झाली आणि सगळे एकदम गाऊ लागले.

बाहेर मावशी पायरीवर पट्टी सोडून पाय बघत होत्या. जखम कोरडी होती. कोणीतरी पुन्हा कफनीवाल्याची गोष्ट काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"स्कूटर होती हो," त्या म्हणाल्या, "मला माहितीय. पण सांगायला बसलं की स्कूटर तोंडात येत नाही." आणि पट्टीची घडी नीट करून त्यांनी ती उदीच्या पुडीशेजारी पिशवीत ठेवली.