आमची वाटचाल : खरेदीखतापासून कौलांपर्यंत

वडील सुतार. चिपळूण-गुहागर पट्ट्यातल्या कौलारू घरांची छपरं उभी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मीही त्यांच्या हाताखाली वासे तासले, पण रंधा काही माझ्या हाताला बसला नाही. मला माणसांशी बोलायला आवडायचं. २०११ साली चिपळूणच्या बाजारात एक गाळा भाड्याने घेतला. आत एक टेबल, दोन खुर्च्या. बाहेर पाटी, 'घर-जागा खरेदी-विक्री'. वडिलांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "म्हणजे दलालीच ना?"

हो, दलालीच. लाजायचं काय त्यात.

आमच्याकडे घर विकणाराही मुंबईत असतो आणि घेणाराही मुंबईतच. मधे इथे गावात घर बंद. कुलूप गंजलेलं, अंगणात गुडघाभर गवत. घेणारा निवृत्तीला आलेला असतो, फोटो बघून हरखतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "समुद्र किती लांब?" मी सांगतो, आधी सातबारा बघू, समुद्र कुठे पळून जात नाही.

हे शहाणपण मला पहिल्याच व्यवहारात मार खाऊन आलं. गुहागर तालुक्यातलं घर, घेणारं डोंबिवलीचं निवृत्त जोडपं, विकणारे तीन भाऊ. घरपट्टीची पावती थोरल्याच्या नावावर होती, ग्रामपंचायतीचा उतारा होता, मी तेवढ्यावर भुललो. घरपट्टी भरणारा मालक असतोच असं नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. सातबारा काढला तर त्यावर अजून आजोबाच. वारस लावायला बसलो तेव्हा दोन बहिणी निघाल्या. भावांचं म्हणणं, "त्यांची लग्नं थाटात करून दिली, आता त्यांचा काय संबंध?" वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ साली मिळाला, पण ही बातमी आमच्या वाड्यांमध्ये अजून पुरती पोचायची आहे. थोरलीने हक्कसोडपत्रावर सही केली. धाकटीने हिस्सा मागितला, आणि बरोबरच मागितला. आठ महिने गेले.

तेवढ्यात दुसरी भानगड. घराभोवतीची वीस गुंठे हापूसची कलमं म्हणजे शेतजमीन, आणि ती घ्यायची तर घेणारा शेतकरी हवा. नशिबाने डोंबिवलीच्या काकांच्या नावावर सातारा जिल्ह्यात थोडी जमीन होती, तिचा सातबारा आणला तेव्हा गाडी पुढे सरकली. आता मी टोकन घ्यायच्या आधीच हे विचारून घेतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, आणि त्याशिवाय दोन गोष्टी ज्या कुठल्याच कागदावर धड सापडत नाहीत : वाट आणि विहीर. घरात जायची वाट कुणाच्या खळ्यातून जाते? विहिरीत किती जणांचा हिस्सा आहे, आणि मे महिन्यात पाणी कधी तळाला जातं? हे तलाठी कार्यालयात कळत नाही. शेजारच्या ओटीवर बसून चहा प्यावा लागतो.

खरेदीखत झालं, नोंद झाली, दलाली मिळाली. मला वाटलं, संपलं. पावसाळ्यानंतर काकांचा फोन आला. "तुम्ही घर दिलंत, पण राखायचं कसं ते सांगितलं नाहीत."

जाऊन बघितलं. जूनमध्ये वानरांनी एक कौल सरकवलं होतं. एकच. तेवढ्यातून पाणी रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीवर, रिपेवरून वाशावर, आणि वासा धरून थेट माजघराच्या मातीच्या भिंतीत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऑक्टोबरपर्यंत भिंतीचा निम्मा भाग खाली बसलेला, आणि त्या ओल्या ढिगाऱ्यातून वाळवी चौकटीवर चढलेली. वडील सोबत होते. त्यांनी नखाने वासा खरवडला, पीठ हातावर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत.

त्या दिवाळीपासून आम्ही घरं सांभाळायला लागलो. पहिल्या वर्षी तीन, आज सेहेचाळीस. पैसे यात विक्रीपेक्षा कमी सुटतात, कटकट चौपट.

वर्षाचं काम एप्रिलअखेर सुरू होतं. कौलं परतायची, म्हणजे सगळी उतरवायची, शेवाळ घासायचं, तडकलेली बाजूला काढायची, सडलेल्या रिपा बदलायच्या आणि पुन्हा रचायची. मंगळुरी कौलांच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, तो आधी बघा. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, आणि जुने कारखाने बरेचसे बंद झालेत. म्हणून कुणाचं घर पाडलं की आम्ही धावत जाऊन कौलं उचलतो आणि प्रत्येक घराच्या पडवीत त्याच छापाची पाचपन्नास राखून ठेवतो. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल. हातमोजे घालूनच, नाहीतर कातडी सोलून निघते. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका म्हणून मी हात जोडतो, तरी दरवर्षी दोघंतिघं करतातच. ओल आत कोंडते आणि तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे धरतात.

एक गोष्ट मला वाडीतल्या एका काकींनी शिकवली. "अरे बाबा, घराला धूर लागतो." पूर्वी चूल रोज पेटायची, धूर आढ्यापर्यंत जायचा आणि लाकडाला किडा लागायचा नाही. बंद घरात चूल कुठली? आता आमच्या प्रत्येक घरात पावसाळ्यात महिन्यातून दोनदा चूल पेटते. पेटवणाऱ्या बायका वाडीतल्याच, त्यांना त्याचे पैसे मिळतात, आणि घरात काय पडलंय, काय गळतंय ही खबर मला फोनवर आधी कळते.

वाडीशी नातं जोडायला मात्र आम्ही चुकलो. डोंबिवलीच्या काका-काकूंच्या पहिल्या शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरली आणि त्यांच्या अंगणाला वळसा घालून गेली. काकू ओटीचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. कुणी मुद्दाम अपमान केला नव्हता. घर विकलं गेलंय हे गावकीला रीतसर कुणी सांगितलंच नव्हतं, वर्गणीच्या वहीत नाव चढलं नव्हतं, आणि पालखी वहीप्रमाणे फिरते. सांगायचं काम माझं होतं. पुढच्या वर्षी मी स्वतः काकांना गावकीच्या बैठकीला घेऊन गेलो. आता घर विकलं की नोंदणीनंतर नारळ घेऊन मानकऱ्यांकडे जायचं, हे आमच्या कामाच्या यादीतच आहे.

२०२० साली टाळेबंदीत मुंबईकर महिनोन्‌महिने गावी राहिले आणि त्यांना गावातलं घर नव्याने आठवलं. त्यात सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत. तेवढे चार महिने आम्ही जेवायलाही घरी गेलो नाही.

आणि मग २२ जुलै २०२१. पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात शिरलं. २००५ चा पूर लक्षात होता म्हणून फायली माळ्यावर टाकल्या होत्या. पाणी माळ्यावरही गेलं. ओसरल्यावर शटर उचललं तर टेबल दाराशी आडवं आणि सगळ्यावर वीतभर चिखल. दस्तांच्या प्रती दोरीवर वाळत घातल्या. गेल्या तेवढ्या गेल्या, नोंदणीकृत दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते. खरा घोळ चाव्यांचा झाला. तेव्हा एकतीस घरं होती. प्रत्येक चावीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, वर पेनाने नाव. चिठ्ठ्यांचा लगदा झालेला, आणि चाव्यांचा एक जुडगा.

गणपती सात आठवड्यांवर. मी आणि माझा चुलतभाऊ तो जुडगा घेऊन वाडी-वाडीतून फिरलो. दारात उभं राहायचं आणि एकेक चावी लावून बघायची. दुसऱ्या दिवशी एका शेजाऱ्याने जुडगा हातातून घेतला, चाळला आणि म्हणाला, "ही. हिचा दांडा वाकडा आहे, आजी त्याने नारळ सोलायला बघायची." लागली. पुढे प्रत्येक घरी आधी शेजाऱ्यालाच जुडगा दिला. तीस कुलपं उघडली, एक तोडावं लागलं. आता पितळी बिल्ले आहेत, नंबर ठोकून घेतलेले, आणि दुसरा संच माझ्या घरी उंचावर.

वडील आता छपरावर चढत नाहीत, खाली खुर्ची टाकून ओरडतात. अडचण कारागिरांची आहे. कौलं परतणारे हात कमी झालेत, पोरं पुण्याला जातात. आमच्याकडे दोघं शिकतायत, त्यातला एक बरा आहे. पंधरा मेच्या आत चौदा छपरं व्हायची आहेत. त्यातल्या एका मालकाचा काल ठाण्याहून फोन आला, कौलं काढून निळे पत्रे टाकू या म्हणून. मी म्हटलं, या रविवारी या, शेजारच्या वाडीत पत्र्याचं घर आहे, दुपारी दोन ते चार तिथे नुसते बसा आणि मग सांगा.