पोलंडच्या हरितगृहांतला दगडी कोळसा

युरोपातील शेती म्हटले की ट्रॅक्टर आणि डिझेल डोळ्यांपुढे येतात, आणि ते चुकीचेही नाही. युरोपीय संघाच्या अंतिम ऊर्जावापरात शेती व वनव्यवसाय यांचा एकत्रित वाटा सुमारे ३ टक्के आहे आणि त्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा खनिज तेलातून येते. दगडी कोळसा आणि लिग्नाइट (कमी प्रतीचा तपकिरी कोळसा) बरेच मागे आहेत, त्यामुळे त्यांची चर्चा क्वचितच होते. मला मात्र युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी संस्थेच्या तक्त्यांतला हाच रकाना सर्वांत बोलका वाटतो, कारण बहुतेक देशांपुढे तिथे शून्य किंवा नगण्य आकडा असतो आणि जवळजवळ सगळा कोळसा एकट्या पोलंडच्या नावावर असतो.

वनव्यवसायाचा यात फारसा संबंध नाही. लाकूडतोडीची यंत्रे डिझेलवर चालतात. पूर्वी डुकरांसाठी बटाटे वाफवायलाही पोलंडच्या शेतांवर कोळसा जळत असे. आजचा मोठा प्रश्न हरितगृहांचा आहे. आपल्याकडे पॉलिहाऊसमधली उष्णता बाहेर काढावी लागते. पोलंडमध्ये कालिशच्या परिसरात बाहेर उणे १० अंश असताना टोमॅटोसाठी रात्रीही १६ ते १८ अंश राखावे लागतात. बॉयलरमध्ये बहुधा स्वस्त कोळशाचा चुरा जळतो आणि तापलेले पाणी रोपांच्या ओळींमधल्या लोखंडी नळांतून फिरते. अनेक ठिकाणी तोडणीच्या गाड्याही याच नळांवरून ढकलत नेतात. सायलेशियाच्या खाणी देशातच असताना आणि गॅसची वाहिनी दारापर्यंत आलेली नसताना शेतकऱ्याने कोळसा निवडला, यात नवल नाही.

नेदरलँड्समधला वेस्टलँड हा हरितगृहांचा पट्टाही एकेकाळी कोळशावरच तगून होता. १९५९ मध्ये ग्रोनिंगनचा वायूसाठा सापडला आणि पुढच्या काळात तिथले बॉयलर गॅसवर गेले. गॅसच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पिकाच्या वाढीसाठी आत सोडता येतो; कोळशाच्या धुरातले गंधक मात्र पाने जाळते. तेवढ्याच उष्णतेसाठी, म्हणजे प्रत्येक गिगाज्यूलमागे, गॅस सुमारे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तर दगडी कोळसा सुमारे ९५ किलो.

ऑगस्ट २०२२ पासून युरोपीय संघाने रशियन कोळशाची आयात बंद केली. त्या वर्षी भाव भडकले तेव्हा पोलंड सरकारने कोळसा जाळणाऱ्या कुटुंबांना ३००० झ्लॉटींची (झ्लॉटी हे पोलंडचे चलन) मदत दिली, पण ती घरे उबदार ठेवण्यासाठी होती. दुसरीकडे, २० मेगावॉटपेक्षा लहान बॉयलर युरोपच्या कार्बन बाजाराबाहेर (जिथे उत्सर्जनासाठी परवाने विकत घ्यावे लागतात) राहतात, आणि इमारती व रस्ते वाहतुकीसाठी आखलेल्या नव्या बाजारातही शेतीच्या इंधनाचा समावेश सक्तीचा नाही. या सवलतीमुळे लहान उत्पादक वाचतो हे मला मान्य आहे; पण तो आहे तिथेच अडकूनही पडतो. रात्री ओढायचे उष्णतारोधक पडदे आणि गरम पाणी साठवणाऱ्या टाक्या यांसाठी अनुदान द्यायला हवे, आणि ते कोळशावर किंमत लावण्याच्या आधी द्यायला हवे.