लेंगाच्या गाठी

डिसेंबर म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयाचा उन्हाळा, तरी बीगल सामुद्रधुनीवरचा वारा कानटोपी काढू देत नव्हता. टिएरा डेल फ्युएगो राष्ट्रीय उद्यानातली किनाऱ्याची पायवाट सुमारे 8 किलोमीटरची, एन्सेनादापासून लापाताइयाच्या दिशेने जाणारी. मला ती चालायची होती एका बुरशीसाठी: सिटारिया.

पहिली भेट पायाशीच झाली. ओल्या पाचोळ्यात पिवळे-केशरी चेंडू पडले होते, अंगभर खळगे असलेले. मान वर केली आणि पाहतच राहिले. आपल्याकडे उंबर खोडाला लगडतो तसे हे चेंडू एका जाड, खडबडीत गाठीला लगडले होते. झाड होतं नोथोफॅगसचं, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या बीच वृक्षाचं. इथे त्याच्या तीन जाती आहेत: लेंगा, न्यिरे आणि सदाहरित गिंदो. हिवाळ्यात लेंगाची आणि न्यिरेची पानं गळतात, गिंदोची टिकतात.

भूछत्रासारखा दांडा-छत्री असा थाट इथे नाही. त्या खळग्यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र पेला समजायचं. त्यात सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांतून बीजाणू बाहेर फेकले जातात. असे अनेक पेले एका गोळ्यावर दाटीवाटीने बसले की सिटारिया होते. नावही तिथूनच आलं, ग्रीकमध्ये 'किटारोस' म्हणजे पोळ्यातलं घर. डार्विनने 'बीगल' जहाजाच्या सफरीत इथून नमुने नेले आणि 1842 मध्ये इंग्लंडमधले धर्मोपदेशक व बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी त्यांच्यावरून ही प्रजाती मांडली. जातीचं नाव सिटारिया डार्विनी. सिटारिएसी या कुलात ही एकच प्रजाती आहे, जाती जेमतेम डझनभर. इथले मूळ रहिवासी असलेल्या याघान लोकांचं हे अन्न होतं आणि डार्विनने त्याची आवर्जून नोंद केली. स्पॅनिशमध्ये अजूनही याला 'पान दे इंदिओ', इंडियनांची (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची) भाकरी, म्हणतात.

मला मात्र चेंडूंपेक्षा गाठींनीच जास्त थांबवलं. चेंडू महिन्या-दोन महिन्यांचे पाहुणे, गाठ वर्षानुवर्षांची. बुरशीचे धागे साल आणि लाकडात राहतात, झाडाच्या पेशींना भराभर वाढायला लावतात, आणि दर वसंतात त्याच गाठीतून नवी फळं येतात. झाडाचं अन्न खाते, पण सहसा झाडाला मारत नाही. यजमान मेला तर हिचंही घर बुडेल.

सिटारिया फक्त नोथोफॅगसवरच जगते. ही झाडं दक्षिण अमेरिकेत आहेत आणि महासागरापलीकडे ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, न्यूझीलंडमध्येही. अंटार्क्टिकात तर त्यांचे परागकण जीवाश्मांत सापडतात. टास्मानियातल्या बीच वृक्षांवर याच कुलातली सिटारिया गनी येते. पण न्यू गिनी आणि न्यू कॅलेडोनियातल्या नोथोफॅगसवर एकही सिटारिया नाही. या कुलाचा नकाशा काढायचा तर आधी झाडांची वंशावळ हातात हवी, हे इथे लेंगाखाली उभं राहून जितकं पटलं तितकं घरी वाचताना पटलं नव्हतं.

आणखी एक नातं आहे. 2011 मध्ये पॅटागोनियातल्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या, अशाच गाठींवर सॅकॅरोमायसिस युबायानस हे थंडीत तग धरणारं यीस्ट सापडलं. लागर बिअर आंबवणारं यीस्ट संकरित आहे हे माहीत होतं, पण त्याचा एक पालक कोण ते कळत नव्हतं. तो हा. गळून पडलेल्या चेंडूंच्या गोडव्यावर जंगलातली अशी यीस्टं पोसली जातात.

लापाताइयाजवळ पोचेपर्यंत नजर बसली होती. फळ नसलेल्या गाठीही लांबून ओळखू येऊ लागल्या. शेवटच्या वळणावर न्यिरेच्या एका फांदीवर बोराएवढा कोवळा गोळा दिसला, गुळगुळीत, ताणलेला. वरचा पापुद्रा अजून फाटलेला नव्हता, खळगे आतच होते. हात न लावता मी त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिले, बस सुटायची वेळ होईपर्यंत.