तुम्ही विचारलंत म्हणून: टाकी ओतून दिली तर प्यायचं काय?

डास होऊ नयेत म्हणून सोलापुरात कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासा, असं म्हटलं की हा प्रश्न येतोच: “नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते भरून ठेवायचं नाही का?” भरून ठेवा. फक्त त्या पाण्यापर्यंत डास पोचता कामा नये.

गटारीतला डास क्युलेक्स. त्याच्यामुळे हिवताप होत नाही. शहरात हिवताप पसरवते ती ॲनोफिलीस स्टीफेन्सीची मादी, आणि ती अंडी घालते टाकी, हौद, विहीर अशा स्वच्छ पाण्यात. धुरळणीनं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळीला काही होत नाही. म्हणून गल्लीत कितीही धूर केला तरी गच्चीवरची उघडी टाकी डास देतच राहते.

हा डास मूळचा आपल्याच भागातला. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूतीत आढळला. त्या वर्षी तिथं हिवतापाचे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ७० हजारांच्या वर गेले. २०२३ मध्ये जगभरात हिवतापानं सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि बहुतेक पाच वर्षांच्या आतली लेकरं. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण किरकोळ वाटतं, ते किरकोळ नाही.

उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ही साखळी तोडली की पुरे. नळ येण्याच्या आदल्या दिवशी पिंपात तळाचंच पाणी उरतं. ते झाडांना घाला आणि पिंप आतून ब्रशनं घासा. नुसतं विसळून भागत नाही, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात.

हजार लिटरची टाकी दर आठवड्याला रिकामी होणार नाही. तिथं झाकण घट्ट हवं. पण बहुतेक ठिकाणी झाकण असतं आणि ओव्हरफ्लोचा पाइप उघडा राहतो. डास तिथूनच आत शिरतो. त्याला आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. कापड बांधलं तर आपल्या उन्हात ते लवकर विरतं, म्हणून नायलॉनची जाळी बरी.

वापराच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, लांबीच्या प्रत्येक मीटरमागे ५ ते १०. त्यात ब्लीचिंग पावडर टाकलीत तर मासे मरतील. ॲबेट हे अळी मारायचं औषध आरोग्य कर्मचाऱ्यालाच टाकू द्या: पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅमची आहे. पाणी संपून नवीन भरलं की औषधाचा जोरही गेला.

अळी शोधायला टाकीत बॅटरी मारा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी दिसली तर ती ॲनोफिलीसची. डोकं खाली करून तिरकी लोंबकळत असेल तर क्युलेक्स किंवा एडिसची.

आणि घरात कुणाला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस, प्रायमाक्विन चौदा दिवस. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि माणसं उरलेल्या गोळ्या सोडतात. यकृतात दडलेले जंतू मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी रक्तात उतरतात, आणि त्या रुग्णाला चावलेला गच्चीवरचा डास ते शेजारच्या घरात नेतो.