तोंगारिरोची वलगण

जुलैत ऑकलंडकर हवामानाचं ॲप उघडतात ते शनिवार-रविवार कोरडा आहे का हे बघायला. हॅमिल्टनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचं उलटं असतं. उत्तर बेटाच्या मध्यभागी मुसळधार पाऊस आणि त्याच्या मागोमाग दक्षिणेचा गार वारा असा अंदाज दिसला की दादाचा मेसेज येतो, "नदी चढतेय. येतेस का?"

दरवर्षी मी काहीतरी कारण सांगून सुटका करून घेत असे. गळ टाकून तासन् तास उभं राहायचं, तेही बर्फाळ पाण्यात, यातलं सुख मला कळत नव्हतं. मग एकदा दादा फोनवर म्हणाला, "अगं, ही वलगण आहे. आपल्यासारखीच. फरक एवढाच, ही चार महिने चालते." मग मात्र मी बॅग भरली.

आम्ही दोघंही रोह्याची. मृगाचा दणका पाऊस पडला, ओढे भरले की खाडीतले, नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, थेट भातखाचरांपर्यंत. ती वलगण. रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडायचं, पायाखाली चिखल, हातात पाग म्हणजे फेकायचं जाळं, आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी गाबोळी, म्हणजे माशांची अंडी. वर्षातून एक-दोन रात्रींचा खेळ. हाच प्रकार इंद्रधनुषी पट्टा असलेल्या ट्राउटचा, न्यूझीलंडच्या हिवाळ्यात, फ्लाय रॉडवर असतो म्हटल्यावर घरी बसणं अवघड होतं.

ऑकलंडहून तुरांगी साधारण 330 किलोमीटर. हॅमिल्टनला दादाला घेतलं, ताउपोला कॉफी घेतली, आणि पुढचा रस्ता तळ्याच्या काठाकाठाने. ताउपो तळं म्हणजे ज्वालामुखीचं प्रचंड तोंड, 600 चौरस किलोमीटरपेक्षा मोठं. दक्षिण टोकाला तुरांगी, आणि तिथेच तोंगारिरो नदी तळ्याला मिळते. ही नदी रुआपेहू पर्वताच्या बर्फातून निघते, तळ्यात शिरते, आणि तळ्यातून बाहेर पडताना वायकातो हे नाव घेऊन हॅमिल्टनमधून वाहत समुद्राला जाते. म्हणजे दादाच्या घराजवळचं पाणी तेच, पण ट्राउटसाठी त्याला उलटं सुमारे दोनशे किलोमीटर चढावं लागतं. "मीपण चढणीचाच," असं तो गाडीत म्हणाला. हा विनोद तो प्रत्येकाला ऐकवतो.

रेनबो ट्राउट इथला नाही. 1883 मध्ये कॅलिफोर्नियातून त्याची अंडी ऑकलंडला आली, आणि एकोणिसावं शतक संपता संपता तो ताउपोत सोडला गेला. तिथे त्याने आधी तळ्यातला कोआरो नावाचा छोटा देशी मासा फस्त केला, आणि मग खायला न उरल्यामुळे स्वतःच रोडावला. 1930 च्या दशकात त्याच्या पोटापाण्यासाठी स्मेल्ट हा बोटभर मासा तळ्यात आणून सोडावा लागला. आजही ट्राउटचं अंग भरतं ते या स्मेल्टवरच. पण आता तळ्यातला ट्राउट कोणी वाढवून सोडत नाही. पिल्लं नदीत जन्मतात, साधारण वर्षभर तिथे काढतात, तळ्यात जाऊन पोसतात आणि दोन-तीन वर्षांनी अंडी घालायला पुन्हा नदी चढतात. पिढ्यानपिढ्या आपल्या बळावर वाढलेला म्हणून तो 'वाइल्ड'. सॅमनसारखा अंडी घालून मरत नाही. पुष्कळसे परत तळ्यात उतरतात, हडकुळे आणि काळवंडलेले. इथले लोक अशांना 'स्लॅब' म्हणतात आणि गळाला लागला तर तोंड वाकडं करून सोडून देतात.

जून ते सप्टेंबर हा चढणीचा मुख्य काळ. मासे तळ्यात नदीच्या मुखाशी जमतात आणि पाणी वाढलं, गढूळ झालं की लोंढ्याने आत शिरतात. पुरात मासेमारी होत नाही. पूर ओसरायला लागून पाणी गढूळाचं हिरवट झालं की तो दिवस सोन्याचा. म्हणून इथे सगळेजण प्रवाहाचा आकडा पाठ असल्यासारखा बोलतात. नदीच्या वरच्या भागातलं बरंच पाणी वीजनिर्मितीसाठी वळवलं जातं, खाली किमान पाणी सोडण्याचं बंधन आहे, आणि त्यावर पावसाचं जे काही येईल ते. तुरांगी हे गावच मुळी 1960 च्या दशकात त्या प्रकल्पाच्या कामगारांसाठी वाढवलेलं. आज त्याच्या हमरस्त्यावर ट्राउटचा मोठा पुतळा उभा आहे.

परवाना काढताना एक गोष्ट कळली. न्यूझीलंडच्या इतर भागांत चालणारा मासेमारीचा परवाना ताउपोच्या खोऱ्यात चालत नाही, इथला वेगळा. त्यामागे इतिहास आहे. तळं आणि त्याला मिळणाऱ्या नद्या न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीच्या. 1926 मध्ये सरकारने तळ्याचा आणि नद्यांचा तळ, म्हणजे पाण्याखालची जमीन, ताब्यात घेतला, बदल्यात जमातीला वार्षिक रक्कम आणि परवान्याच्या उत्पन्नात वाटा ठरला. 1992 मध्ये तळाची मालकी जमातीकडे परत आली. कामकाज निसर्ग संवर्धन खातं बघतं. कुंडलिकेच्या काठच्या कोळ्यांना कोणी असा वाटा दिला असता तर, हा विचार मनात आलाच.

दुकानातून वेडर, म्हणजे छातीपर्यंतचे पाणी न शिरणारे पायजमे, आणि रबरी तळाचे बूट भाड्याने घेतले. जुन्या पद्धतीचे फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचे तळ इथे चालत नाहीत. 2004 मध्ये दक्षिण बेटावरच्या नद्यांत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, आणि ओल्या फेल्टमधून ते एका नदीतून दुसरीकडे जाऊ शकतं. प्रत्येक पुलाशी पाटी आहे, सामान तपासा, धुवा, वाळवा.

इथे डोहांना नावं आहेत, आणि ती भलती साहेबी. मेजर जोन्स, ॲडमिरल्स, ब्रेकफास्ट, रेड हट, डचेस. डचेस म्हणजे 1927 मध्ये इथे गळ टाकायला आलेली डचेस ऑफ यॉर्क, नंतरची राणीमाता. सर्वांत वर फेन्स पूल. त्याच्या पुढे हिवाळ्यात गळ टाकायला बंदी, कारण मासे तिथे आणि वरच्या ओहोळांत अंडी घालतात. मला सगळ्यात पटलेला नियम हाच. आपल्याकडे वलगणीला मासा अगदी शेवटच्या खाचरापर्यंत गाठतात, जिथे तो अंडी घालणार तिथेच. इथे वाटेत पकडा, पण पोहोचलेल्याला हात लावायचा नाही.

पहाटे गाडी रेड हटच्या झुलत्या पुलाशी लावली तेव्हा गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं. मध्यरात्र ते पहाटे पाच मासेमारीला मनाई, आणि पाचच्या ठोक्याला नदीवर पोहोचणारे वीर आहेतच. आम्ही पोहोचलो तेव्हा चांगल्या जागा गेल्या होत्या. डोहाच्या वरच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ कमरेएवढ्या पाण्यात. दादाने काठावरूनच विचारलं, "तुमच्या खालून उतरलो तर चालेल ना?" त्यांनी मान हलवली. ही विचारणा न करता पाण्यात शिरणं म्हणजे पंगतीत मध्येच घुसून बसणं. शिवाय एका जागी खांब होऊन राहायचं नाही, दोन-चार वेळा फेकलं की पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे मागच्याला जागा मिळते. माशांवरून भांडणं झालेली मी लहानपणी पुष्कळ पाहिली आहेत. इथे एवढी माणसं एका डोहात, आणि आवाज फक्त पाण्याचा.

आता खरं काम. फ्लाय म्हणजे आकड्यावर दोरा, पीस, तार गुंडाळून केलेला खोटा किडा. ताउपोच्या नद्यांत फ्लायशिवाय काही चालत नाही, गांडूळ नाही, चमकत्या पत्र्याचा 'चमचा' नाही. दोरीला शिसं अडकवणंही नाही, वजन हवं तर ते फ्लायच्या अंगातच पाहिजे. म्हणून इथली खास जोडी असते. वर टंगस्टनचा मणी घातलेला जड निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी फ्लाय, इथल्या भाषेत 'बॉम्ब', तो तळ गाठतो. त्याच्यामागे हातभर दोऱ्यावर छोटी, हलकी फ्लाय. आणि त्या दिवशी दादाने बांधलेली ती छोटी फ्लाय बघून मी हसत सुटले. नारिंगी लोकरीचा वाटाण्याएवढा गोळा. ग्लो बग. ट्राउटचं सुटं अंडं.

"गाबोळी लावतोस गळाला?"

"मग काय! वरच्या माशांची अंडी वाहून येतात, खालचे गिळतात. बाकी भूक नसते त्यांना, पण हे सोडत नाहीत."

वर पाण्यावर तरंगायला पांढऱ्या लोकरीचा झुबका, तो इंडिकेटर. हे सगळं प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायचं आणि वाहत येऊ द्यायचं. सांगायला सोपं. गोम अशी की वरचं पाणी पळतं आणि तळाचं रेंगाळतं. मधली जाड दोरी प्रवाहाने ओढली की खालचा निम्फही ओढला जातो, आणि ओढलं जाणारं अंडं कोणताही ट्राउट खात नाही. म्हणून फेकल्या फेकल्या काठीच्या टोकाने दोरी उचलून वरच्या अंगाला टाकायची. याला मेंड करणं म्हणतात. जमलं की लोकरीचा झुबका आजूबाजूच्या फेसाच्या बुडबुड्याच्या वेगाने येतो, ना पुढे ना मागे. बुडबुडा बघत राहा, एवढंच दादा सांगत होता. बोटं बधिर. काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता, तो अधूनमधून पाण्यात बुडवून काढायचा.

झुबका थांबला की काठी उचलायची. दहातल्या नऊ वेळा तो दगड असतो. पण दगड आहे असं समजून उचललं नाही तर तो मासा असतो, हा तिथला न्याय.

ऊन डोहावर आलं, रुआपेहूच्या दिशेचं आकाश निळं झालं, आणि झुबका थांबला. उचलली काठी. दगड हलला. मग तो दगड सरळ प्रवाहाच्या मध्यात गेला आणि रीळ किंचाळायला लागलं. खाडीतला मासा पागात येतो तेव्हा त्याचं वजन कळतं, इथे त्याची इच्छा कळते. कमरेएवढ्या उंचीवर त्याने उडी मारली, लखलखीत चांदी, आणि पुन्हा खाली. दादा ओरडत होता, "सोड, सोड, ओढू नकोस, धावू दे!" तो खालच्या खळाळात शिरला असता तर खेळ संपला असता. मी गोल गुळगुळीत धोंड्यांवरून धडपडत काठाकाठाने खाली गेले. म्हाताऱ्या गृहस्थांनी न सांगता आपली दोरी गुंडाळून घेतली आणि मला वाट दिली.

जाळीत आली ती मादी. दोन किलोच्या आसपास, पाठीवर हिरवट झाक, बाजूला जेमतेम दिसणारा गुलाबी पट्टा. तळ्यातून नुकती आलेली. मुरलेल्या नराचा पट्टा लालभडक असतो आणि खालचा जबडा आकड्यासारखा वळलेला. दादाने तसा एक नंतर धरला, ओल्या हाताने उचलला, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवला आणि शेपटी झटकून तो गेला.

माझ्या मादीचं काय करायचं, हे त्याने माझ्यावर सोडलं. लांबी नियमात बसत होती, दिवसाच्या मर्यादेतही होती. पोट हाताला घट्ट लागत होतं. इथे अनेकजण अशी मादी सोडतात, आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण मी वलगणीच्या गावची. मासा खाण्यासाठीच धरायचा, निव्वळ दमवून सोडून देण्यात मला अजूनही काहीतरी खटकतं. तिला ठेवलं. डोक्यात एक घाव घातला, लगेच संपलं.

परतताना वाटेत ट्राउट सेंटर पाहिलं. काचेमागून ओढ्यातले मासे पाण्याखालून दिसतात, ते मुलांना घेऊन आलात तर बघाच. तिथेच फिओ या निळसर बदकांची पिल्लंही नदीत सोडण्याआधी तयार करतात. इथल्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे ना, तेच. संध्याकाळी तोकानूच्या गरम कुंडात बसल्यावर पायांची बोटं आपलीच आहेत याची खात्री पटली.

ट्राउट विकणं न्यूझीलंडमध्ये गुन्हा आहे. बाजारात नाही, हॉटेलात नाही. स्वतः धरलात किंवा कोणी धरून दिला तरच खायचा. विकायला बंदी असल्यामुळे चोरून जाळी टाकण्याचा फायदाच उरत नाही, आणि नदी भरलेली राहण्यात याचा हात मोठा असावा असं मला वाटतं.

भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात हळद, तिखट, मीठ, ऑकलंडहून नेलेल्या आगळाचे चार थेंब आणि तांदळाचं पीठ. मांस नारिंगी, मऊ. खरं सांगू? सुरमईची सर नाही. गोड्या पाण्याची चव ती गोड्या पाण्याचीच. धूर दिलेला ट्राउट जास्त चांगला लागतो, असं शेजारच्या खोलीतले लोक म्हणाले आणि एक तुकडा देऊनही गेले. ते बरोबर होते. पण गाबोळी! वेगळी परतली, लसूण ठेचून. दादा बोलायचा थांबला.

तेवढ्यात रोह्याहून आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे दुपारचं जेवण उरकलेलं. तवा दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"दाणा मोठा आहे गं. चिवणीपेक्षा मोठा. आणि खारवून थोडी ठेव की, सगळी आजच कशाला?"

"मावशी, उरणार नाही," दादा तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

"बरं, मग खाऊन घ्या. आठ दिवसांनी श्रावण लागतोय."