पी हळद, हो गोरी? आमची वाटचाल

आजोबांची सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखाली खोल खड्डे, त्यात वर्षानुवर्षं माल कीड न लागता राहायचा. 2005च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि तो धंदा तिथेच संपला. मग वडिलांनी राजापुरी जातीच्या हळदीतून करक्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, काढायचं छोटं युनिट टाकलं. शंभर किलो हळदीतून तीन-चार किलो हाती लागलं तरी खूप.

मी फार्मसी केली. करक्युमिन यकृताला चांगलं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडंफार शोषलं जातं त्याचं आतड्यात नि यकृतात लगेच रूपांतर होऊन ते बाहेर पडतं. म्हटलं, सूक्ष्म कणांत भरून बघू. लेसिथिन (कणांची भिंत बनवणारा स्निग्ध पदार्थ), कोलेस्टेरॉल आणि करक्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, ते ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. पाणी दुधाळ पिवळं झालं की कण तयार.

पहिल्या बॅचचे कण संध्याकाळी 160 नॅनोमीटरचे आले (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). साईज मोजायचं यंत्र आपलं कुठलं? एका कॉलेजात पैसे भरून मोजून घेतली, थर्माकोलचा डबा मांडीवर ठेवून एसटीने परतलो. सकाळी बाटलीच्या तळाशी केशरी गाळ. लेसिथिनच्या मानाने करक्युमिन जास्त घातलं होतं, कणांच्या भिंतींना ते पेललं नाही. हावरेपणा, दुसरं काय! प्रमाण उतरवायला आठ महिने गेले. आई म्हणायची, "लग्नाच्या आधीच एवढी हळद?" माझी बोटं कायम पिवळी.

खरी गंमत पुढे कळली. शिरेतून दिलेले बरेचसे कण तसेही यकृतातच जातात, त्यासाठी फार हुशारी लागत नाही. पण तिथे कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या पहारेकरी पेशी, टपून बसलेल्या, त्या कण गिळून टाकतात. औषध हवं असतं यकृताचं काम करणाऱ्या मुख्य पेशींना. तिथवर पोचायला रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली भोकं साधारण 100 ते 150 नॅनोमीटरची, म्हणजे आमचा 160चा माल दारातच अडला असता. आता आम्ही 90च्या आसपास ठेवतो आणि कणांवर गॅलॅक्टोज साखर लावतो. मुख्य पेशींवरचा एक रिसेप्टर (ठरावीक पदार्थ ओळखून पकडणारा रेणू) ती साखर ओळखून कण आत ओढून घेतो.

मधे एक व्यापारी आला. "मिरीचा अर्क घाला, 'अनेक पट शोषण' छापा, कॅप्सूल मी विकतो." ऑर्डर मोठी होती आणि कर्जाचा हप्ता थकला होता. पण 2022मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेल्या 10 रुग्णांची नोंद छापली होती. तपासलेल्या काही नमुन्यांत मिरीतलं पायपरिनही सापडलं. शोषण वाढवायचं तर कुणासाठी आणि किती, हे न विचारता वाढवणं मला जमलं नाही. ऑर्डर गेली. वडील आठवडाभर धड बोलले नाहीत.

औषध आम्ही विकत नाही. नव्या औषधांच्या 2019च्या नियमांत असं नवं रूप म्हणजे नवं औषधच, त्याच्या चाचण्या आमच्या आवाक्यातल्या नाहीत. संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगांसाठी कण पुरवतो, साईजच्या रिपोर्टसह. पाच जणांचा पगार अजून साध्या अर्कावरच निघतो.

रोज सकाळी फ्रिजमधल्या बाटल्यांतून लेझर पॉइंटरचा उजेड सोडतो. गाळ नसला आणि आत लाल रेघ सरळ दिसली की बरं वाटतं. आजच्या बाटलीचा एकेचाळिसावा दिवस.